बँड सोडायचा तर सोड, पण त्या कागदावर सही करण्याआधी हे वाच

तुझी पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. बँडमध्ये तीन वर्षं, अल्बमची सहा गाणी तयार, त्यातल्या दोन चाली तुझ्या गिटारवर सुचलेल्या, आणि आता बाकीचे तिघं म्हणतायत की तू ‘सेशन’वाला म्हणून, म्हणजे बँडचा सदस्य नाही तर मानधनावरचा वादक म्हणून रहा, गाण्यामागे ठरलेले पैसे घे आणि एका कागदावर सही कर. शेवटी तू विचारलंयस, “सलमान अहमदने व्हायटल साइन्स सोडला तसा मीही सोडू का?” माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय.

सलमानचं नाव काढलंस, तर आधी त्याबद्दल. व्हायटल साइन्स हा पाकिस्तानी पॉप बँड, आणि सलमान त्याचा एक गिटारवादक. १९९४ ते २००० मी शारजात नोकरीला होतो. खोलीत कराचीचे दोघं होते, त्यामुळे व्हायटल साइन्सच्या चारही कॅसेट तिथेच पाठ झाल्या. जुनैद जमशेदचा आवाज, रोहेल हयातचा कीबोर्ड, शहजाद हसनचा बेस, हे तिघं शेवटपर्यंत तेच. गिटारची खुर्ची मात्र सारखी रिकामी व्हायची. सुरुवातीला नुसरत हुसेन, १९८९ च्या पहिल्या अल्बमला सलमान, मग रिझवान-उल-हक, १९९५ च्या ‘हम तुम’ला आमिर झाकी. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्या बँडचा सगळा डोलारा कीबोर्डवर उभा होता, गिटारला तिथे जागा होती पण हुकूम चालवायला वाव नव्हता. हे माझं मत, झाकीचे चाहते भांडतील.

सलमान १९९० मध्ये बाहेर पडला, लोक इतकंच सांगतात. पुढचं ऐक. त्याने ‘जुनून’ हा स्वतःचा बँड काढला, लाहोरच्या ज्युपिटर्स बँडमधून अली अझमतला गायला घेतलं, शाळेतला मित्र ब्रायन ओकॉनेल अमेरिकेहून बेस वाजवायला आला, आणि १९९१ चा ‘जुनून’चा पहिला अल्बम फारसा चाललाच नाही. ‘तलाश’ १९९३ चा, ‘इन्किलाब’ १९९६ चा, आणि ज्या ‘सय्योनी’मुळे आपल्याकडे कॉलेजची पोरं वेडी झाली ते १९९७ च्या ‘आझादी’तलं. म्हणजे बाहेर पडल्यापासून सात वर्षं. पुढच्याच वर्षी भारतात दौरा झाला, मग अणुचाचण्यांवर बोलल्यामुळे पाकिस्तानात सरकारी टीव्ही आणि रेडिओवर बंदी आली. एवढं सोसूनही तो टिकला, कारण चाली त्याच्या होत्या आणि त्याच्या नावावर होत्या. त्याच्याकडे डॉक्टरकीची डिग्रीही होती, हे विसरू नकोस. तुझी नोकरी चालू आहे म्हणतोस, ती तूर्तास सोडू नकोस.

आता माझं. शारजाहून परत आल्यावर २००३ मध्ये आम्ही चौघांनी मराठी पॉपचा अल्बम केला. दोन गाण्यांची मुखडा-अंतऱ्याची चाल माझी, अगदी पहिल्या सुरापासून. रेकॉर्डिंग संपलं त्या संध्याकाळी निर्मात्याच्या माणसाने माझ्यासमोर एक छापील पावती ठेवली. रुपये चार हजार मिळाले, खाली रेव्हेन्यू स्टँप आणि त्याच्यावर सहीची जागा. मधे बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘गिटार वादनाचे संपूर्ण मानधन पोचले, सदर ध्वनिमुद्रणावर यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही.’ मी ती वाचली होती. वाचूनही सही केली, कारण बाकीचे तिघं खाली चहाला थांबले होते आणि मला कटकट्या म्हणवून घ्यायचं नव्हतं. घात त्या ओळीने नाही केला, ‘गिटार वादनाचे’ या दोन शब्दांनी केला. मी संगीतकार होतो आणि पावतीने मला वादक करून टाकलं. कॅसेटच्या कव्हरवर नाव आलं ते ‘विशेष आभार’मध्ये, ध्वनिमुद्रकाच्या आणि केटररच्या मधे. ते कव्हर अजून माझ्या कपाटात आहे, पण घरातल्या कुणाला दाखवायला हात धजत नाही.

नंतर अक्कल आली तेव्हा एका संबंधित कार्यालयात सात खेटे घातले. नाव घेत नाही. एका खिडकीवर म्हणाले मूळ कागद आणा. आणला तर म्हणाले यात तुम्ही वादक आहात, वादकांचं काम इथे नाही. जिथे पाठवलं तिथे म्हणाले चालीचा विषय आहे, तिकडेच जा. सातव्या वेळी तिथल्या बाईंनी माझी फाइल न उघडताच परत सरकवली. पैशाचं सोड, पण माझी चाल माझी आहे एवढं कुणीतरी ऐकून घ्यावं एवढीच माझी इच्छा होती. वीस वर्षं झाली, तरी ते आठवलं की घास घशात अडकतो.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, सोडू की राहू हा प्रश्न दुसरा. आधी त्या कागदावर तुझ्या नावापुढे काय लिहिलंय ते बघ. मी वकील नाही, माझ्या शब्दावर सही करू नकोस आणि नाकारूही नकोस, दोन-तीन हजार खर्चून कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखव. मला समजलंय ते असं: चाल रचली की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लिहून, सही करून द्यावा लागतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला असा सहज लिहून घेता येत नाही. पण हे सगळं तुला ‘संगीतकार’ म्हटलं तर. ‘गिटारवादक’ म्हटलं की तुझी बाजू फार कमकुवत होते. त्या दोन गाण्यांपुढे ‘संगीत’ या शब्दाखाली तुझं नाव येणार असेल तर उरलेल्या चार गाण्यांना सेशनवाला म्हणून वाजवायला माझी काही हरकत नाही. पैसे त्याच दिवशी घे.

आणखी एक. फोनवर पहिल्यांदा चाल गुणगुणलेली रेकॉर्डिंगं असतील तर ती आजच स्वतःला ईमेल कर, तारीख राहते. आमच्या प्रॅक्टिसच्या कॅसेटवर मी नंतर भावाच्या लग्नाची सनई भरली, पुरावा पुसला गेला.

झाकीबद्दल तू लिहिलं नाहीस, म्हणून सांगतो. व्हायटल साइन्समध्ये तो फार टिकला नाही, पण त्याच १९९५ साली त्याचा स्वतःचा ‘सिग्नेचर’ हा अल्बम आला. २०१७ च्या जूनमध्ये तो गेला, वय ४९. शारजातला माझा जुना खोलीवाला फोनवर रडला, आणि बोलला ते ‘सिग्नेचर’मधल्या सोलोबद्दल. आणि पाकिस्तानच्याच स्ट्रिंग्ज बँडचा बिलाल मकसूद बघ. १९९२ ला बँड थांबला, तो जाहिरात क्षेत्रात काम करत राहिला आणि २००० मध्ये ‘दूर’ हा अल्बम घेऊन परतला. मधली आठ वर्षं चाली कुठे पळून गेल्या नाहीत.

तुझ्या कागदातला मानधनाचा आणि हक्काचा परिच्छेद इथे टाक, नावं आणि आकडे झाकून. रविवारी दुपारी मी मोकळा आहे, शब्द न् शब्द वाचून सांगतो. तोवर त्या तिघांना एवढंच म्हण, “वाचतोय.”