खोकला-शिंक आली की लघवी गळते. डॉक्टर पट्टीचं (स्लिंगचं) ऑपरेशन सांगतायत. ते किती वर्षं टिकतं?

माझं तेरा वर्षं टिकलंय. आमच्या वन्संना विचाराल तर त्या सांगतील, वाया गेलं. हे भांडण अजून चालू आहे, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मी सोलापूरची, शाळेत मराठी शिकवायचे. दोन बाळंतपणं, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. चाळिशीला गळायला लागलं. खडूची धूळ नाकात गेली की शिंक यायची, आणि ती यायच्या आत मी टेबलाचा कोपरा पकडून पाय आवळून उभी. हलक्या रंगाच्या साड्या कपाटात गेल्या त्या गेल्याच.

वन्संचा सल्ला एकच : "पिशवी काढून टाक. माझी काढली, सुटले बघ." त्यांची काढली होती अंगावरून फार जायचं म्हणून. पण हे ऐकतो कोण? एका डॉक्टरांनीही मान डोलावली. साधं खोकून दाखवा एवढंही म्हणाले नाहीत. त्रेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी गेली, गळणं जागच्या जागी. गळतं मूत्रमार्गाचा आधार ढिला पडल्यामुळे, त्यात पिशवी काढून काय साधणार!

पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला वन्संकडे जमलो होतो. दिवाणावर कोरी चादर, मोराच्या नक्षीची, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. भाचा कुणाची तरी नक्कल करत होता, सगळे हसत होते, मीही हसले. उठले तेव्हा मोराच्या पिसाऱ्यावर तळहाताएवढा ओला डाग. वन्संनी चादर गुंडाळली आणि मोरीत नेऊन बादलीत बुडवली. तोंडातून शब्द नाही. रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "वय झालं की होतंयच, सगळ्याच बायकांना होतंय." मग माझी पिशवी कशाला काढायला लावलीत, हे तेव्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

नंतर दुसऱ्या बाई डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, हसता-खोकताना गळतं, की घाईची लागून वाटेतच होतं? ही दोन वेगळी दुखणी. पट्टी पहिल्याची. मूत्राशय भरलेलं असताना खोकायला लावलं, स्वतः बघितलं. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. सेंटीमीटरभर रुंद जाळीची पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी घालतात. सकाळी नळी काढली, लघवी करायला लावून आत किती उरते ते मोजलं. चार दिवस धार बारीक होती. मग पहिली मोठी शिंक आली ती भाजी मंडईत, पालकाची जुडी हातात असताना. आतून कोरडी. त्या भाजीवालीला मी दहा रुपये जास्त दिले, का ते तिला कळलं नाही.

आता भांडणाचं कारण. चार वर्षांपासून नळाचा आवाज आला की मला घाईची लागते, रात्री दोनदा उठते. गोळी चालू आहे. वन्संचं म्हणणं, "बघ, परत सुरू झालं की." अहो, हे ते दुसरं दुखणं! ते वयानं होतं, कधी पट्टीनंतरही नव्यानं लागतं. शिंक आजही कोरडीच जाते.

तुम्हाला आकडेच हवे असतील तर हे घ्या. ही पट्टी १९९०च्या दशकात स्वीडनच्या उल्मस्टेन नावाच्या डॉक्टरांनी आणली. सुरुवातीच्या ९० बायकांवर तिकडच्या डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. १७ वर्षांनी ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त जणी खोकल्याच्या चाचणीत कोरड्या होत्या. इंग्लंडमध्ये ९५ हजार बायकांच्या नोंदी पाहिल्या, तर ९ वर्षांत पट्टी काढावी लागली सुमारे ३.३ टक्क्यांची. थोड्या आहेत, पण जिची काढावी लागली तिला विचारा. जाळी योनीत उघडी पडते, संबंधाच्या वेळी टोचते, मांडीकडून घातलेल्या प्रकारात जांघ दुखत राहते. याच तक्रारींमुळे इंग्लंडनं २०१८ साली ही ऑपरेशनं थांबवली. अमेरिकेनं २०१९ मध्ये जी जाळी बंद केली ती अंग बाहेर येण्यावरची, ही पट्टी तिथं चालू आहे. जाळी नकोच असेल तर पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचंच आवरण काढूनही पट्टी करतात. ऑपरेशन मोठं, चीर मोठी, पण परकी वस्तू नाही.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं : ऑपरेशनच्या आधी तीन महिने ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम करा, नीट शिकवणाऱ्याकडून. बऱ्याच जणींचं त्यातच भागतं. मी केले नाहीत, कारण मला कुणी सांगितलेच नाहीत. मूल व्हायचं असेल तर पट्टी पुढे ढकला. मी डॉक्टर नाही, माझ्यावरून स्वतःचं ठरवू नका.

गेल्या दिवाळीत वन्सं चकल्या तळत होत्या. मिरचीचा ठसका बसला, तसा त्यांनी झारा खाली टाकला आणि दोन्ही हातांनी ओटा धरून पाय आवळले. मी बघितलं, मी बघितल्याचं त्यांनीही बघितलं. बाई डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावून आले. परवा गेले तर चिठ्ठी नव्हती. फेकली की जपून ठेवली, विचारलं नाही.