लिमिटेड एडिशन लिहिलंय म्हणून लगेच घेऊ नकोस

अरे, खेळाडूंची जी कार्डं लोक जमवतात, त्यांच्या पॅकेटवर 'लिमिटेड एडिशन' छापलं म्हणजे कार्ड दुर्मिळ झालं असं काही नसतं, आधी मागेपुढे नंबर आहे का बघ. २५/५० असेल तर तशी ५०च निघालीत, १/१ असेल तर एकच. अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू माइक ट्राउटचं २००९चं, 'बोमन क्रोम' या कार्डांच्या मालिकेतलं सहीवालं १/१ कार्ड २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं, पण ते ट्राउटचं होतं म्हणून! कुणाला माहीत नसलेल्या खेळाडूचं १/१ घेतलंस तर गिऱ्हाईक शोधत बसशील.

टॉप्स ही कार्डं छापणारी अमेरिकन कंपनी, तिच्या 'टॉप्स नाऊ'ची कार्डं ठरलेल्या वेळात जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढी छापतात, म्हणजे आकडा कधीकधी हजारोंत जातो. ८०च्या दशकाच्या शेवटी नि ९०च्या सुरुवातीला तर इतका माल छापला की अमेरिकेत त्या काळाला 'जंक वॅक्स' (वॅक्स म्हणजे कार्डांची पाकिटं, जंक म्हणजे भंगार) म्हणतात, लोकांनी खोकीच्या खोकी जपून ठेवली आणि आज बहुतेकांना भाव नाही. उलट १९५२चं टॉप्सचं मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं कार्ड घे, त्यावर लिमिटेड वगैरे काही नाही, न खपलेला माल कंपनीने समुद्रात टाकला म्हणतात, आणि छान राहिलेलं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

ईबेवर मागितलेली किंमत बघू नकोस, विकली गेलेली बघ. ग्रेडिंगची, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला १० पैकी गुण देऊन घ्यायची, घाई नको, फी जाते आणि कोपरा जरा दबलेला असला की १० मिळत नाही. कार्ड ठेवायची प्लास्टिकची स्लीव्ह मात्र आजच घे.