सागवानी कपाटाला चॉक पेंट: खान्देशच्या उन्हात वरून मेण की पाण्यावरचं पीयू?

ताई, तुमचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमळनेरच्या घरातलं सासूबाईंचं सागवानी कपाट. त्याच्या एका दारावर पांढऱ्या चॉक पेंटचे, म्हणजे खडूची पूड घातलेल्या मॅट रंगाचे, दोन हात मारले, तर दुसऱ्या दिवशी पिवळट-तपकिरी डाग उमटले. वरून मेण लावायचं की पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश, हे ठरत नाही. बैठकीतलं टेबलही त्याच रंगात हवंय, आणि सगळं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत.

आधी डागांचं बघू. तो रंगाचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. सागात टॅनिन असतं, म्हणजे लाकडातलं रंग सोडणारं तुरट द्रव्य. चॉक पेंट पाण्यातला. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, आतलं तपकिरी द्रव्य विरघळवतं आणि वाळता वाळता वर ओढून आणतं. गडद रंगाखाली ते झाकलं जातं, पांढऱ्यात किंवा फिक्या निळ्यात लपत नाही. शिसम आणि बाभूळही हेच करतात. आणि आपल्याकडे जुनं सामान म्हणजे सातपुड्याचा साग नाहीतर शेताच्या बांधावरची बाभूळ, त्यामुळे हा प्रश्न इथे जवळजवळ प्रत्येकाला येतो. रंगाचा तिसरा-चौथा हात मारून डाग जाईल अशी आशा ठेवू नका. प्रत्येक हाताबरोबर नवं पाणी आत जातं आणि नवा डाग वर येतो.

मध्ये आडवी भिंत हवी, आणि ती लाखेची. पॉलिशवाले वापरतात तो चपडा लाख रंगाच्या दुकानात सुटा मिळतो. अर्ध्या लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये साधारण १०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवा. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा आणि पुन्हा काही तास न हलवता ठेवा. तळाशी गढूळ थर बसतो, ते लाखेतलं मेण. वरची निवळ तेवढी ओतून घ्या, कारण मेणावर पुढचा कोणताही थर नीट धरत नाही. ही निवळ पातळ-पातळ दोन हात लावायची, दोन्हींच्या मध्ये तासभर जाऊ द्यायचा. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून खालचं टॅनिन खालीच राहतं. तिचा स्वतःचा सोनेरी रंगही वरच्या पांढऱ्यात उतरत नाही. जे दार तुम्ही रंगवून बसलात, ते खरवडायची गरज नाही. रंग पूर्ण वाळला असेल तर २२० नंबरचा घासायचा पेपर (सँडपेपर) हलक्या हाताने फिरवा, धूळ पुसा, त्याच डागांवर लाखेचे दोन हात द्या आणि मग रंग लावा. फक्त स्पिरिट चटकन पेट घेतं, तेव्हा हे काम गॅस, समई, उदबत्ती यांपासून लांब, दारं-खिडक्या उघड्या ठेवून करा. लाख ताजी भिजवलेली हवी. महिनोन्महिने पडून राहिलेली लाख चिकट राहते, कडक होत नाही.

सासूबाईंनी विचारलं ना, ‘सागले चुना कसाले?’ (सागाला चुना कशाला?) त्यांची शंका मला मनापासून योग्य वाटते, आणि तिची दोन उत्तरं आहेत.

पहिलं, हा चुना नाही. चॉक पेंटमध्ये असतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू. भिंतीला लावतात तो विरवलेला चुना तीव्र अल्कली असतो, हात भाजतो आणि टॅनिन असलेलं लाकूड काळपट करतो. घरी रंग बनवताना चुना किंवा चुन्याची निवळी त्यात घालू नका. शाळेतले खडू कुटूनही घालू नका, ते बहुतेक जिप्समचे असतात. दुकानात व्हायटिंग किंवा चॉक पावडर मागा. एक वाटी साधा मॅट इमल्शन घ्या, घरातल्या भिंतीचा असतो तोच. पाव ते एक तृतीयांश वाटी पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, मग इमल्शनमध्ये मिसळून जुन्या ओढणीतून गाळा. बरेच जण पीओपी घालतात. रंग त्यानेही चांगला होतो, पण पीओपी पाणी लागल्यावर घट्ट व्हायला लागतं आणि आपल्या उन्हाळ्यात तर काम अर्ध्यावर असताना डबा हातातून जातो. चॉक पावडर नुसती भर असते, ती आळत नाही. मध्यम कपाटाला दोन हातांसाठी लिटरभर रंग पुरतो.

दुसरं उत्तर थोडं कठोर आहे. कपाटाचं जुनं पॉलिश धड असेल, दारांवर कोरीवकाम असेल, लाकडाच्या रेषा दिसत असतील, तर मी ते रंगवणार नाही. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, वाळवून, त्याच लाखेचं पॉलिश पुन्हा करीन. ज्या कपाटाला आधीच ऑइल पेंटचे थर आहेत, ज्याच्या फळ्या बदलून प्लायचे तुकडे ठोकलेत, ज्याचा साग मुळात एकसारखा दिसतच नाही, त्याला चॉक पेंट खरा शोभतो. तुमच्या वर्णनावरून दारं सागाची आणि बाजू प्लायच्या वाटतात, म्हणजे रंग चुकीचा ठरत नाही. पण आतली बाजू आणि फळ्या लाकडाच्याच राहू द्या. आत रंग लागला की सरकणारे खण अडकतात आणि बंद जागेत वास कोंडतो. सासूबाईंना दार उघडल्यावर त्यांचं कपाट दिसेल, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

आता वरच्या थराकडे येते, कारण सगळं काम त्यावर टिकतं. न सील केलेला चॉक पेंट सारवलेल्या जमिनीसारखा असतो, वर पडेल ते पितो. चहाचा थेंब, केसांचं तेल, कुंकू, हळदीचा हात, सगळं आत जातं आणि मग पुसून निघत नाही. म्हणून सील करायचंच. कशाने, हा खरा प्रश्न.

व्हिडिओत मेण का दाखवतात? हा रंग १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अ‍ॅनी स्लोन यांनी तयार केला, आणि त्यांच्या पद्धतीत वरून मऊ मेण चोळायचं असतं. तिथल्या थंड घरांत ते सुंदर बसतं. हाताला मऊ लागतं, रंगाला खोली येते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. मधमाशीचं मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण मऊ पडायला पस्तिशीच्या आसपासच सुरुवात होते. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही तापतो. मग मेण बोटाला चिकटतं, वाऱ्याबरोबर येणारी काळ्या मातीची धूळ त्यात रुतून बसते आणि पांढरं कपाट पावसाळ्यापर्यंत राखाडी दिसायला लागतं. पुसायला गेलं की धूळ आणखी आत चोळली जाते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात आतली हवा बरीच गार राहते, तिथे मेण तग धरतं हे मी पाहिलं आहे. पण स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या घरात, रोज वापराच्या वस्तूवर, मेण लावा असं मी कोणालाही सांगत नाही.

तरीही मेणाचाच स्पर्श हवा असेल तर कार्नोबा असलेलं घ्या. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, वितळतं ८२ ते ८६ अंशांना, म्हणून आपल्या उन्हात जास्त टिकतं. आरशाची चौकट, फोटोची फ्रेम, भिंतीवरचं शेल्फ अशा फार हात न लागणाऱ्या वस्तूंना चालेल. सुती फडक्याने अगदी पातळ चोळायचं, जास्तीचं लगेच पुसायचं, दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने घासायचं. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. एकदा मेण लागलं की त्यावर पाण्यावरचं वॉर्निश धरत नाही. नंतर मन बदललं तर सगळं मेण टर्पेंटाइनने पुसून काढावं लागतं. ‘आत्ता मेण लावू, पुढे बघू’ असा हा रस्ता नाही.

तुमच्या दोन्ही वस्तूंना पाण्यावरचं पीयू घ्या, मॅट किंवा सॅटिन. दुकानात नुसतं ‘पीयू द्या’ म्हटलं तर थिनरवालं दोन डब्यांचं पीयू किंवा मेलामाईन हातात ठेवतील, कारण सुतार मंडळी तेच नेतात. डब्यावर पाण्यात पातळ करायचं लिहिलेलं हवं आणि थर पारदर्शक व न पिवळणारा हवा. तेलाचं वॉर्निश पांढऱ्यावर नकोच, ते काही काळातच पिवळं पडतं आणि मग तुम्हाला वाटेल की टॅनिन परत आलं. डबा हलवू नका, नुसतं ढवळा, नाहीतर फेस येऊन बुडबुडे जसेच्या तसे वाळतात. ब्रश नायलॉनचा घ्या. एका दिशेने ओढा आणि जिथून गेलात तिथे परत फिरवू नका. कपाटाला दोन हात, टेबलाच्या पाटाला तीन. प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, ३२० चा पेपर अलगद फिरवा, ओलसर फडक्याने धूळ टिपा.

आखाजीच्या आत म्हणता, म्हणजे एप्रिलच्या उन्हात हे काम होणार. दिवाळी ते होळी हा आपल्याकडे रंगकामाचा खरा हंगाम. पण आत्ताच करायचं तर सकाळी लवकर सुरू करा आणि ऊन चढायच्या आत ब्रश धुवून ठेवा. दुपारी रंग ब्रशवरच सुकतो आणि ब्रशच्या रेघा उठतात. ब्रश आधी पाण्यात बुडवून झटकून घ्या. रंग फार ओढत असेल तर चमचा-दोन चमचे पाणी घाला, त्याहून जास्त नको. पंखा थेट कपाटावर सोडू नका. आणि कूलर त्या खोलीत बंदच ठेवा. त्याचे तुषार ताज्या रंगावर ठिपके पाडतात आणि दमट हवेत लाखेवर पांढरट झाक चढते. पुढेही कूलरच्या झोतासमोर हे कपाट ठेवू नका.

टेबल सील झाल्यावर वरच्या पाटावर विश्वास टाकण्याआधी खालच्या बाजूला एक चाचणी घ्या. तिथेही तेच थर द्या, आठवडाभर थांबा, मग टेबल उलटं करून हळद घातलेल्या तेलाचा थेंब टाका, अर्ध्या तासाने ओल्या फडक्याने पुसा. डाग राहिला तर अजून एक हात हवा. खान्देशात टेबलावर शेवभाजीचा रस्सा सांडणार हे धरूनच चालायचं. हळदीचा अगदी पुसट पिवळा राहिला तर घाबरू नका, उन्हात हळदीचा रंग उडतो, दोन दिवस ऊन दाखवा.

तुम्ही विचारलं नाही, तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कपाटाच्या बाजूंना जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची खात्री धरू नका. तो कोरडा घासू नका. वॉटरपेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हे काम दुसरीकडे न्या. निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाका, अंगणात ओतू नका. दुसरं, आतल्या फळ्यांना अळशीचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

देव्हाऱ्याबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, तो रंगवू नका. समईची काजळी आणि तेल चॉक पेंटवर कोणत्याही थराने नीट आवरत नाही, त्याला लाखेचं पॉलिशच ठीक. कानबाईच्या (श्रावणात बसवतात त्या खान्देशी देवीच्या) चौरंगाला मात्र रंग चालेल. श्रावणाला अवकाश आहे, तोवर थर पक्का होईल. त्यालाही पीयूचे तीन हात द्या, कारण त्यावर हळद-कुंकू आणि पाणी दोन्ही येणार.

राहिला प्रश्न वापर कधी सुरू करायचा याचा. हाताला वाळलेलं लागतं दोन-चार तासांत, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. कपाटात कपडे आठवड्याने ठेवा, दारं मधूनमधून उघडी ठेवा म्हणजे कडा एकमेकींना चिकटणार नाहीत. टेबलावर तोवर गरम भांडं नको. आखाजीला पाहुणे येतील तेव्हा वर सुती चादर टाका. प्लॅस्टिकचं कव्हर किंवा काच महिनाभर तरी ठेवू नका. खालचा ओलावा कोंडतो, प्लॅस्टिक रंगाला चिकटतं आणि काढताना थर घेऊनच वर येतं.