चामखिळीला बिब्बा लावू नका. ती आधी नीट ओळखा

तुमच्या प्रश्नातील मुद्दे असे आहेत: उजव्या हाताच्या बोटावर आधी एकच खरखरीत गाठ होती, काही महिन्यांत तिच्या चार झाल्या, तळपायाला एक कडक जागा झाली असून चालताना ती टोचते, घरची मंडळी बिब्बा लावायला सांगत आहेत, आणि सोलापुरात हे कोणाला दाखवावे, खर्च किती येईल, याचा अंदाज येत नाही. मी सोलापुरात औषधांचे दुकान चालवतो आणि असे हात-पाय घेऊन लोक रोज माझ्यासमोर येतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे न पाहता निदान करणार नाही. परंतु तुमचे वर्णन विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळींशी जुळते. त्या सहसा निरुपद्रवी असतात आणि त्यांवर औषधेही आहेत. नुकसान होते ते बहुधा घाईने केलेल्या उपायांमुळे.

तळपायाचा प्रश्न आधी घेतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. कुरूप आणि चामखीळ दोन्ही कडक, पिवळसर आणि दुखरी असतात, पण त्यांची कारणे निराळी आहेत. घट्ट चपलेच्या किंवा हाडाच्या दाबाने कातडी जाड होते ते कुरूप. त्यावर सरळ बोटाने दाबले की कळ येते. चामखीळ बहुधा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर अधिक दुखते. पाय धुऊन उजेडात पाहा: तळव्यावरच्या बारीक रेषा कुरुपावरून सलग जातात, चामखिळीपाशी मात्र तुटून तिच्या कडेने वळतात. वरची मेलेली कातडी निघाल्यावर आत काळे ठिपके दिसले, तर ती चामखीळ असण्याची शक्यता बरीच वाढते. हे ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्या असतात. लोक त्यांना मुळे समजतात आणि सुईने किंवा ब्लेडने उकरून काढायला जातात. चामखिळीला मूळ नसते. विषाणू कातडीच्या सर्वात वरच्या थरात राहतो, हाडामांसात नाही. मानेवर किंवा काखेत लोंबणाऱ्या मऊ, देठ असलेल्या गाठी हा वेगळा प्रकार असून त्यांना पुढे सांगितलेले औषध लावायचे नसते.

हा विषाणू ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या कुळातला आहे. या कुळात शंभराहून अधिक प्रकार असून हातापायांवर चामखिळी आणणारे प्रकार त्यांपैकी मोजकेच आहेत. कातडीला चीर किंवा खरचटलेली जागा असेल, किंवा ती पाण्याने भिजून मऊ झाली असेल, तर तो सहज आत शिरतो आणि गाठ दिसायला आठवडे किंवा महिने लागतात. म्हणूनच तो नेमका कुठून आला याचा शोध बहुधा लागत नाही. एकाच्या चार का झाल्या, याचे उत्तर मात्र बहुतेकांच्या सवयींत सापडते. गाठ नखाने खुडणे, दाताने कुरतडणे, नखाशेजारची कातडी ओढणे किंवा चेहऱ्यावर चामखीळ असताना तिच्यावरून वस्तरा फिरवणे, यांमुळे विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो. रक्त अशुद्ध झाल्याने चामखीळ येते हा समज चुकीचा आहे, त्यामुळे रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

आता बिब्ब्याविषयी. बिब्ब्याचे तेल कातडीला अक्षरशः जाळते, आणि अनेकांना त्याची तीव्र ॲलर्जीही येते. आपल्याकडे त्याला बिब्बा उतणे म्हणतात. पूर्व भागातील एक विडी कामगार बाई दुकानात आल्या होत्या. तर्जनीवर मसुराएवढी चामखीळ, तिच्यावर त्यांनी बिब्बा लावलेला. बोट पेरापर्यंत सुजून काळे पडले होते, शेजारच्या दोन बोटांवर पाण्याने भरलेले फोड होते, आणि त्यांना पाने कापायला कात्रीही धरता येत नव्हती. रोजच्या विड्यांवर ज्यांची मजुरी ठरते, त्यांना अशा उपायाची किंमत चामखिळीपेक्षा कितीतरी जास्त पडते. मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवले. फोड भरून आले, पण डाग राहिला आणि चामखीळही तिथेच होती. चुना आणि सोडा एकत्र करून लावणे याच जातीचे आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून तोही नको.

मधुमेह नसेल, पायाची संवेदना व रक्ताभिसरण ठीक असेल आणि गाठ हातावर किंवा तळपायावरच असेल, तर घरी करण्याजोगा भरवशाचा उपाय म्हणजे सॅलिसिलिक ॲसिडचे द्रावण. हातासाठी साधारण १७ टक्क्यांचे मिळते, त्यात बहुधा लॅक्टिक ॲसिडही असते. तळपायासाठी ४० टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्या मिळतात. रात्री ती जागा पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवावी, पांढरी पडलेली मेलेली कातडी वजरीने हलकेच घासावी, पुसून कोरडी करावी, सभोवतालच्या निरोगी कातडीवर व्हॅसलीनचे कडे करावे आणि मग थेंब फक्त गाठीवर ठेवून तो वाळू द्यावा. ती वजरी घरात दुसऱ्या कोणी वापरू नये. रक्त येईपर्यंत घासणे हा पराक्रम नव्हे. आग होऊ लागली तर दोन-चार दिवस थांबावे. बाटलीतले द्रावण चटकन पेट घेते, म्हणून ती देवघरातील दिव्यापासून आणि गॅसपासून लांब ठेवावी. हे सर्व रोज, सुमारे तीन महिने करावे लागते. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून औषध सोडून देणारेच जास्त, आणि औषध निकामी आहे अशी तक्रारही तेच करतात.

तेवढा धीर नसेल किंवा तीन महिन्यांनंतरही गाठ कायम असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या आपल्या सिव्हिलमध्ये, त्वचारोगाचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर पैसे बैठकीमागे घेतात की गाठीमागे, आणि साधारण किती बैठका लागतील, हे आधीच विचारा. खर्चातला मोठा फरक तिथे पडतो, आणि हे विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

तिथे बहुधा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवतात. एक-दोन दिवसांत तिथे फोड येतो, कधी तो रक्ताने भरलेला असतो. तो फोडू नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा करावे लागते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर फिकट किंवा काळसर डाग बरेच दिवस राहू शकतो. विजेच्या उपकरणाने जाळून गाठ एका बैठकीत निघते, म्हणून लोकांना तो उपाय आवडतो. पण व्रण राहू शकतो, तळपायावरचा व्रण चालताना कायम दुखू शकतो, आणि विषाणू आजूबाजूला उरला असेल तर गाठ परत येते. अनेक चामखिळी असल्यास काही डॉक्टर मोठ्या गाठीत गोवर, गालगुंड व रुबेलाची एमएमआर लस टोचतात. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते, आणि काहींच्या न टोचलेल्या गाठीही विरतात. गरोदर स्त्रियांनी हे इंजेक्शन घेऊ नये. थुजा या होमिओपॅथीच्या औषधाची विचारणा दुकानात नेहमी होते. होमिओपॅथीच्या औषधांची निष्क्रिय गोळ्यांशी तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत चामखिळींवर वेगळा परिणाम दिसलेला नाही, आणि लहान मुलांच्या निम्म्याच्या आसपास चामखिळी वर्षभरात आपोआप जातात. श्रेय मात्र त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळते.

मधुमेह असेल तर पायाला कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर चिकटवायची ॲसिडची पट्टीसुद्धा, स्वतःच्या मनाने लावू नका. मी ती ग्राहकाला मधुमेहाबद्दल विचारल्याशिवाय देत नाही, कारण बधिर पायाला ॲसिडची जखम कळत नाही आणि ती चिघळते. चेहऱ्यावरच्या गाठीलाही सॅलिसिलिक ॲसिड लावू नये. जननेंद्रियाजवळ गाठी असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवा. त्यांचे उपचार वेगळे असतात आणि जोडीदाराचीही तपासणी लागू शकते. उतारवयात नव्याने आलेली, भराभर वाढणारी, आपोआप रक्त येणारी किंवा रंग बदलणारी गाठ चामखीळच आहे असे गृहीत धरू नका, कारण कातडीचा कर्करोगही कधीकधी असाच दिसतो. तिथे तीन महिने घरचे औषध करत बसणे धोक्याचे आहे.

उपचार चालू असेपर्यंत तुमचा टॉवेल, नेलकटर आणि चपला वेगळ्या ठेवा, न्हाणीघरात स्लीपर घाला, आणि बोटावरची गाठ दिवसा चिकटपट्टीने झाका. घरच्यांनी तुमच्यापासून दूर राहण्याची किंवा तुमच्या हातचे जेवण टाळण्याची काहीही गरज नाही.