टॅब आला, पण रजिस्टर गेलं का?

पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि तिच्या हाताखालच्या सबसेंटरमधल्या कॉम्प्युटर, टॅब, अ‍ॅपबद्दल काय विचारायचंय ते विचारा म्हटलं होतं, तर जिल्ह्यातून भरपूर प्रश्न आले. बरेचसे एकाच दुखण्याचे होते, म्हणून त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : सर, मी पब्लिक हेल्थचा कोर्स करतोय. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या पीएचसींमध्ये आयटीचा वापर किती होतो यावर प्रोजेक्ट आहे. कॉम्प्युटर किती, नेट आहे का, ट्रेनिंग झालं का, अशी प्रश्नावली केलीय. एवढं पुरेल ना?

नाही पुरणार. यातनं खरेदी काय झाली एवढंच कळेल. वस्तू खोक्यात आहे का वापरात आहे, आणि वापरात असली तर त्यातनं कुणाचा काय निर्णय बदलला, हे कुठंच येत नाही. प्रिझम नावाची एक चौकट आहे, आरोग्य माहिती यंत्रणा तपासायला जगभर वापरतात, ती तीन बाजूंनी बघते : मशीन-सॉफ्टवेअर, ऑफिसची व्यवस्था म्हणजे माणसं, पैसा, देखरेख, आणि तिसरं म्हणजे वापरणाऱ्याला ते जमतं का, करावंसं वाटतं का. तुमची प्रश्नावली पहिल्या बाजूतच संपली, ट्रेनिंगचा प्रश्न तेवढा पलीकडं गेलाय.

त्यापेक्षा असं करा. एक महिना आणि एकच आकडा धरा, समजा १२ आठवड्यांच्या आत नोंदलेल्या गरोदर माता. रजिस्टर घेऊन स्वतः मोजा आणि एचएमआयएसला, म्हणजे सरकारच्या आरोग्य आकडेवारीच्या पोर्टलला, गेलेल्या आकड्याशी ताडून बघा. रजिस्टरमध्ये ४६ आणि रिपोर्टमध्ये ५० असतील तर भागाकार ०.९२ येतो, १ पासून साधारण १० टक्के इकडंतिकडं असलं की चालवून घेतात. ४६ च्या जागी ३० निघाले तर मात्र थांबून विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे सिस्टरला धारेवर धरायचं नाही, कारण बऱ्याचदा व्याख्येचाच घोळ असतो.

मग बीपीच्या नोंदी उघडा. ३० वर्षांपुढच्या लोकांचं स्क्रीनिंग असतं ना, त्यातलं एखादं पान बघा. ओळीनं १२०/८०, १२०/८०, १३०/८०, पुन्हा १२०/८० दिसलं की समजायचं, एकतर मशीन बंद आहे नाहीतर टार्गेट लई आहे. माणसांचं बीपी असं रांगेत उभं राहत नाही. भेटीची तारीख आणि एन्ट्रीची तारीख यातलं अंतर पण काढा, सगळ्या एन्ट्र्या महिनाअखेरीला एकदम पडत असतील तर तो डेटा रिपोर्टसाठी आहे, पेशंटसाठी नाही. आणि शेवटी मागच्या मासिक मीटिंगचं इतिवृत्त मागा : आकडे बघून एक तरी गोष्ट ठरली का? मला विचाराल तर निम्मे मार्क या एका प्रश्नाला द्या.

प्रश्न : दादा, मी सांगोला तालुक्यात आशा आहे. एकच माहिती डायरीत, अ‍ॅपमध्ये, वर ग्रुपवर फोटो. फोन माझा, रिचार्जला पैसे येतात तेपण उशिरा. आणि म्हणतात आता सगळं डिजिटल झालं.

ताई, तुमचा राग रास्त आहे. कुठलंही अ‍ॅप आलं की त्याच्या बदल्यात कुठलं रजिस्टर बंद झालं, हा मूल्यमापनाचा पहिला प्रश्न पाहिजे आणि तोच कुणी विचारत नाही. एका मातेची माहिती तुम्ही किती ठिकाणी लिहिता ते एकदा कागदावर मांडा आणि मीटिंगमध्ये टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांपुढं ठेवा, तक्रार म्हणून नको, यादी म्हणून ठेवा.

सगळ्याच एन्ट्र्या वाया जातात असं मात्र नाही. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलमध्ये पेशंटचा बँक खाते नंबर चुकला तर पोषण आहाराचे पैसे अडकतात. पूर्वी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. तिथं एन्ट्री झाली का हे पेशंट स्वतःच येऊन विचारतो, म्हणून ती लवकर दुरुस्त होते. आणि नाव-आजारासकट रजिस्टरचे फोटो ग्रुपवर टाकणं बंदच करा, कुणीही मागू दे.

प्रश्न : मी अक्कलकोट भागात सीएचओ (सबसेंटरची समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कर्नाटक बॉर्डरजवळ. ई-संजीवनीच्या, म्हणजे पेशंटला ऑनलाइन डॉक्टरांशी जोडून द्यायच्या, कॉलचं टार्गेट असतं. पेशंट कन्नड बोलतो, पलीकडचे डॉक्टर मराठी-हिंदी. कॉल भरले की काम चांगलं धरतात, हे बरोबर आहे का?

कॉलची संख्या मोजायला सोपी, म्हणून ती मोजतात, बास. ई-संजीवनी २०१९ ला सुरू झाली ती पेशंटची पायपीट वाचावी म्हणून, तर मोजायचं पण तेच : डॉक्टरांनी लिहिलेलं औषध तुमच्याच सेंटरला मिळालं का, का परत सोलापूरला सिव्हिल गाठावं लागलं? ई-औषधी या औषधसाठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक दिसतोय आणि कपाटात गोळी नाही, असं झालं तर कॉल कितीही चांगला झाला तरी उपयोग शून्य. एक साधी वही करा, कॉल, औषध मिळालं/नाही, पेशंट परत आला/नाही. हो, आणखी एक वही, मला माहितीय! पण ही तुमच्या कामाची आहे. कन्नडचं मराठी करून सांगता ते तर कुठल्याच रकान्यात नाही, रिव्ह्यूमध्ये तोंडानं सांगा.

प्रश्न : आईचं आभा कार्ड काढलं, बार्शीत दवाखान्यात दाखवलं तर म्हणे यावर फुकट उपचार नाहीत. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही ओ, कार्डांची गल्लत झालीय. आभा म्हणजे १४ अंकी नंबर, रिपोर्ट-कागदपत्रं जोडायला. ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं ते आयुष्मान कार्ड, ते वेगळं. आभा ऐच्छिक आहे, नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. सबसेंटरला कॉम्प्युटर द्यायचा विचार चाललाय. द्यावा का?

आधी दुपारी एकदा जाऊन बघा, लाईट असते का, आणि गेली तर इन्व्हर्टर किती वेळ टिकतो. रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते सिस्टर सांगतील. बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार हे ठरलेलं नसेल तर वर्षात त्यावर कापड पडतं.

सबसेंटरच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष तुमचे सरपंचच असतात, तिथं हा विषय घ्या. आणि ऊसतोडीच्या सीझनमध्ये एक काम करून बघा. मराठवाड्यातनं टोळ्या येतात, त्यातल्या पोरांचे लसीचे आधीचे डोस यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलवर सापडतात का ते सिस्टरला विचारा. नोंद शोधायला मोबाईल नंबर लागतो आणि तो कधीकधी आईचा नसून मुकादमाचा असतो, मुकादम बदलला की पोराची नोंद सापडायची पंचाईत. मग लसीचं कार्ड कोपीत कुठंतरी पत्र्याच्या पेटीत असेल तर असेल. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यातच पोरांची यादी आणि आईबापाचा स्वतःचा नंबर घ्यायची सोय पंचायतीनं केली, एखादा माणूस सोबत दिला, तरी त्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त काम होईल. कोटेशन त्यानंतर मागवा.