“आय डाउट इट'ल रेन” म्हणून छत्री का घेतली?

प्रश्न असा आहे: ग्लासगोमधल्या शेजारच्या आजी आभाळाकडे बघून “आय डाउट इट'ल रेन” म्हणाल्या आणि छत्री घेऊन निघाल्या. पाऊस पडणार नसेल तर छत्री कशाला?

आजी म्हणाल्या ते नेमकं उलट होतं: “पडतोय वाटतं आज.” स्कॉटिश बोलीत ‘आय डाउट’ म्हणजे ‘तसंच होणार अशी धास्ती आहे’. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. “पैसे त्यानेच उचलले असा मला संशय आहे” म्हणताना त्याने ते उचलले नसावेत, असं आपण थोडंच सुचवतो? स्कॉटिश ‘डाउट’ म्हणजे हाच संशय. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा ‘भिणे’ हाही त्याचा अर्थ होता. प्रमाण इंग्रजीत तो विरला, स्कॉटलंडमध्ये टिकला. म्हणून त्यात आजही नकोशा गोष्टीची छटा असते. पाऊस, उशीर, आजारपण यांबद्दल ते सहज येतं. बक्षीस लागण्याबद्दल सहसा नाही.

ओळखायचं कसं? नकार असेल तर सोपं. “आय डाउट ही'ज नो कमिंग” यातला ‘नो’ म्हणजे ‘नॉट’. अर्थ, ‘तो काही येत नाही असं दिसतंय’. ‘डाउट’नंतर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ आलं तर बहुधा नेहमीचाच अर्थ. नुसतं “आय डाउट ही'ज कमिंग” मात्र दुधारी आहे. तिथे बोलणारा कुठला आणि पुढे करतो काय, ते बघायचं. ताट वाढायला घेतलं, तर पाहुणा येतोय.

अनोळखी शब्द फारसे फसवत नाहीत. ‘ड्रीख’ ऐकला की आपण अर्थ विचारतो (ओली, करडी, सरता न सरणारी हवा, शेवटचा ‘ख’ घशात घासून). फसवतात ते ओळखीचे. स्कॉटलंडमध्ये “डू यू माइंड हिम?” म्हणजे ‘तो आठवतो का?’, हरकत विचारलेली नाही. ‘द बॅक ऑफ सेव्हन’ म्हणजे सात वाजून थोडा वेळ झाल्यावर, सातच्या आधी नाही. ‘मेसेजेस’ आणायला जाणं म्हणजे वाणसामान आणणं, आणि हे आयर्लंडमध्येही चालतं. “व्हेअर डू यू स्टे?” हे आपलं ‘राहता कुठे?’चं इंग्रजी लंडनमध्ये हॉटेलचा पत्ता विचारल्यासारखं वाटतं. एडिंबरात ते घराबद्दलच असतं.

आयर्लंडमध्ये खरी गंमत ‘आफ्टर’ची. “आय'म आफ्टर बाइंग मिल्क” ऐकून दूध घ्यायचं राहिलंय असं समजून दुसरी पिशवी आणाल. अर्थ आहे, ‘दूध आत्ताच घेतलंय’. आयरिश भाषेत नुकत्याच झालेल्या गोष्टीसाठी ‘मी अमुक करण्यानंतर आहे’ अशीच रचना आहे. इंग्रजी शब्द त्या साच्यात ओतले गेले. खूण म्हणजे ‘आफ्टर’नंतरचं ‘-इंग’. पुढे नुसती वस्तू आली, जसं “आय'म आफ्टर अ सेकंडहँड कार”, तर बोलणारा ती शोधतोय. तसंच “शी वॉज गिव्हिंग आउट टू मी” म्हणजे ती मला ओरडत होती. तिने कसलंही वाटप केलं नव्हतं. ‘प्रेस’ म्हणजे कपाट. ‘हॉट प्रेस’ म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, ज्यात टॉवेल-चादरी उबदार राहतात.

आयर्लंडची ओळख बनलेला ‘क्रॅक’, म्हणजे गप्पा-मजा, मुळात आयरिश नाहीच. तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधून अल्स्टरमार्गे (आयर्लंडच्या उत्तरेकडचा प्रांत) तिथे गेला. आयरिश वळणाचं स्पेलिंग त्याला बऱ्याच नंतर चिकटलं.

आणि स्कॉटिश कार्यालयाच्या पत्रात ‘आउटविथ ऑफिस अवर्स’ दिसलं तर ते खोडून ‘आउटसाइड’ करू नका. ‘आउटविथ’ म्हणजे ‘च्या बाहेर’, आणि तिथे तो अगदी औपचारिक लेखनात चालणारा शब्द आहे. इंग्लंडमधल्या वाचकासाठी लिहीत असाल तर मात्र बदला.