वाचकांचे प्रश्न: जॅक्सनची मादी नक्की कुठली?

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आमच्याकडे जॅक्सन शॅमेलिऑनचा (रंग बदलणारा सरडा) नर आहे, तीन शिंगांचा, घेताना झँथोलोफस या उपजातीचा म्हणून दिला होता. आता पाळीव सरड्यांच्या एका एक्स्पोमधून (विक्री-प्रदर्शनातून) मादी आणलीये, तिला नाकावर एकच छोटं शिंग आहे. विकणारा म्हणाला जॅक्सन तो जॅक्सन, सोडा एकत्र. सोडू का? आणि पिल्लं झाली तर एक जोडी पुण्याला भावाकडे पाठवता येईल का?

उत्तर: अजिबात घाई करू नका. जॅक्सन तो जॅक्सन म्हणजे हापूस काय नि पायरी काय, आंबाच की, अशातला प्रकार झाला! जॅक्सनच्या तीन उपजाती आहेत. केनियातला मूळ जॅक्सोनी, माउंट केनियाकडचा पिवळ्या तुऱ्याचा दांडगा झँथोलोफस आणि टांझानियातल्या माउंट मेरूवरचा छोटेखानी मेरूमोंटानस. झँथोलोफसला वेगळं नावच 1988 मध्ये मिळालं, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांवर जाऊ नका.

नरांना तिन्हीकडे तीन शिंगं असतात, खरा घोळ माद्यांचा. झँथोलोफसच्या मादीला बहुतेकदा शिंग नसतंच, असलं तरी नाकावर बारीकसं, मेरूवालीला नाकावर एक आणि जॅक्सोनीच्या मादीला एकापासून तीनपर्यंत कितीही. म्हणजे तुमची ती एकशिंगी बाई तिन्हीपैकी कुठलीही असू शकते, नुसतं शिंग बघून काही ठरणार नाही.

मग बघायचं काय, तर आकार. मेरूवाले शेपटीसकट साधारण 8-9 इंचांवर थांबतात, झँथोलोफस सहज फूटभर होतो. तिला हातात धरून मोजत बसू नका, उगाच काळीठिक्कर पडेल, त्यापेक्षा ती नेहमी बसते त्या फांदीला छोटी मोजपट्टी बांधा आणि मोबाईल तिच्याच उंचीवर धरून बाजूने फोटो काढा, दर महिन्याला एक. वय लहान असेल तर झँथोलोफसची पोरगीही छोटीच दिसणार, म्हणून वाढ थांबेपर्यंत कळ काढा. आणि विकणाऱ्याला नीट विचारा की हिची आई कुठून आली, टांझानियाहून आयात झालेली की हवाईच्या वंशातली. केनियाने निर्यात कधीच बंद केली, आणि 1972 मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर एका पेट शॉपवाल्याने थकलेले सरडे सावरावेत म्हणून अंगणात सोडले ते तिथे पसरले, अमेरिकेतले बरेचसे झँथोलोफस त्यांचेच वंशज.

जॅक्सन अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तेही पाच-सहा महिने पोटात वागवून. त्यात मोठ्या जातीचा नर छोट्या मादीवर सोडायचा, ही जोखीम मी तरी घेणार नाही. शिवाय मेरूवाले पाळणाऱ्यांकडे आधीच कमी, त्यात मिसळ झालेली पिल्लं उद्या कुणीतरी शुद्ध म्हणून विकणार. आणि हो, मादी नराचं वीर्य बरेच दिवस साठवून ठेवते, ती आधी नरासोबत एका पिंजऱ्यात असेल तर तुम्ही न सोडताही पिल्लं होतील, बाप कोण ते मग देव जाणे.

पुण्याचं म्हणाल तर बॅगेत घालून न्यायचं मनातही आणू नका. जॅक्सन सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिकडची एक्स्पोर्ट परमिट, इकडची आयातीची परवानगी आणि वर भारत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. आणि मग आपल्याकडचाच घोयरा (भारतीय शॅमेलिऑन) पकडून पाळतो असं भाऊ म्हणाला, तर तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हेही त्याला सांगून ठेवा.